छोट्या हैदराबादला आहे

चाचांना कुठलीही गोष्ट दोनदा विचारावी लागायची. पहिल्या खेपेला ते उत्तरच द्यायचे नाहीत. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, टाळूवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "दुसऱ्यांदा विचारा." का हो चाचा, म्हटलं तर सांगायचे, "पैल्यांदा माणूस उगंच विचारतो बाई. खरंच पायजे असंल तर दुसऱ्यांदा विचारतो." चहा घेणार का, एवढं विचारलं तरी हीच तऱ्हा. त्यांची बायको, चाची, बिचारी सगळा संसार दोनदोनदा विचारून करत आली होती. वैतागून एखाद्या दिवशी ती विचारायचीच नाही, आणि मग चाचा चुलीजवळ बसून तोंड पाडायचे.

परवा आमच्या घरात वाद झाला म्हणून हे सगळं वर आलं. कुठली तरी जुनी चोरांची मालिका पुन्हा नव्यानं काढणार आहेत म्हणे. मुलगा खूश, सून म्हणते कशाला जुन्याची माती करायची, नातू म्हणतो आधीची बघितलीच नाही तर नवीचं काय कौतुक. शेवटी सगळे माझ्याकडं वळले. "आजी, तुला काय वाटतं?" आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "दुसऱ्यांदा विचारा." पोरं हसली. मी नाही हसले.

भूम तालुक्यातल्या ईटला माझी शाळेवर पहिली नेमणूक झाली तेव्हा मी खोलीसाठी गावभर फिरले होते. गाव मोठं, खोल्याही होत्या. पण आडनाव सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही तामलवाडीचे, वडलांनी छप्पन्न सालानंतर बौद्ध धम्म घेतलेला. ते लपवायची मला सवय नव्हती आणि आजही नाही. चाचांच्या दारात पोचले तोवर माझा पारा चढलेला. म्हटलं, "खोली द्यायची आहे का? नसेल तर सरळ नाही म्हणा." चाचा शेळीला पाला घालत होते. म्हणाले, "दुसऱ्यांदा विचारा." मला वाटलं, हा म्हातारा माझी टिंगल करतोय. दातओठ खात मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "हौ. घ्या की. फकस्त शेळी रोज सकाळी तुमच्या दाराला येऊन टक्कर देईल. तिची खोली हाय ती मुळात." आडनाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

चाचा गावातल्या दूध संस्थेत माप घालायचे. सकाळ-संध्याकाळ लोक म्हशींचं दूध आणून घालत, काही दूध पुढं जाई, काही खव्याच्या भट्ट्यांना. तरुणपणी चाचा हैदराबादला एका हॉटेलात होते. त्यामुळं गावातल्या कुठल्याही चांगल्या गोष्टीचा पत्ता त्यांच्या हिशेबी हैदराबादला असायचा. चहा चांगला झाला तर "एकदम हैदराबाद."

आणि एक म्हणजे, चाचा कधी मरणाचं नाव तोंडातून काढायचे नाहीत. म्हैस मेली तर "चरायला लांब गेली." म्हातारं माणूस गेलं तर "पाव्हणं परत गेलं." लोकांना ठाऊक होतं, लोक हसायचे. मीही हसायचे, माझ्यावर पाळी येईपर्यंत.

गावात मोजकेच फोन, त्यातला एक संस्थेत. एका दुपारी चाचा स्वतः शाळेत आले. घामाघूम. हातात खव्याचा डबा. "बाई, वडलांना तुमची लई आठवण यायलीय. दोनची एस.टी. गाठा. ह्यो खवा त्यांना द्या." मी तो डबा मांडीवर धरून तामलवाडीपर्यंत गेले. वाटेत ठरवत होते, वडलांना, आमच्या दादांना, आधी खवा द्यायचा की एवढी आठवण येते तर पत्र का टाकत नाही म्हणून आधी भांडायचं. अंगणात पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. आत बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावलेली. दादा सकाळीच गेले होते, आणि फोनवर तसंच सांगितलं होतं.

परत आल्यावर मी चाचांशी बोलले नाही. चाची मध्यस्थी करायला आली, तिलाही तोडून बोलले. मला खोटं सहन होत नाही. खरं काय ते तोंडावर सांगा, मी खंबीर आहे, असं मला तेव्हा फार वाटायचं. शेवटी एक दिवस अंगणात त्यांना गाठून विचारलं, "का फसवलंत मला?" ते गप्प. मी दुसऱ्यांदा विचारलं. म्हणाले, "एकटीच जाणार व्हतात गाडीत. म्हणलं, तामलवाडीपतूर वडील बरुबर असू द्या." मला राग आवरेना, रडूही आवरेना. त्या प्रवासाचं काय करायचं, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. पण दादांची शेवटची आठवण काढायची म्हटली की मेणबत्ती नाही, तो मांडीवरचा कोमट डबाच आठवतो.

तर टीव्ही. संस्थेनं गावासाठी एक टीव्ही घेतला, तो संस्थेच्या दालनात ठेवला आणि चाचांच्या ताब्यात आला. लाकडी कपाटातला, सरकत्या झडपांचा. चाचा तो उघडायच्या आधी हात धुवायचे. झाकल्यावर वर आपली टोपी ठेवायचे, जणू त्याला थंडी वाजणार. सोलापूरच्या दिशेनं तोंड केलेला अँटेना वाऱ्यानं फिरला की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि चाचा छपरावर चढायचे. "आलं का?" वरून आरोळी. "न्हाय!" खालून सगळा गाव. "आता?" "व्हय व्हय व्हय! गेलं!"

रविवारी संध्याकाळी दूध घालून झालं की ती चोरांची मालिका लागायची. एक उस्ताद, एक ड्रायव्हर, एक चष्मेवाली बाई, आणि छोट्या नावाचं एक बारीक पोरगं. ही टोळी साठेबाजांची गोदामं फोडायची. झरोक्यातून आत शिरायचं काम छोट्याचं. मालिका पक्क्या दिल्लीच्या हिंदीत, त्यात आमच्या टीव्हीचा आवाज फाटका. मागं बसलेल्यांना नुसतं खरखर ऐकू यायचं. म्हणून चाचा काठी घेऊन टीव्हीशेजारी उभे राहायचे आणि पडद्यावरचं माणूस बोललं की मोठ्यानं सांगायचे, "उस्ताद म्हणतोय, आज शेठजीची झोप उडवायची!" गाव टाळ्या पिटायचं. एवढे दुष्काळ काढलेलं गाव ते. गोदाम फुटलं की माणसांना पोट भरल्यासारखं वाटायचं. खरं सांगायचं तर गावानं ती मालिका बघितलीच नाही. गावानं चाचांना ऐकलं.

पुढच्या रांगेत, माझ्या शेजारी, कोंडाबाई बसायची. तिच्याकडं म्हैस नव्हती, एक शेळी होती. शेळीचं दूध संस्था घेत नाही, म्हणजे ती सभासदही नाही आणि तिला आत जागाही नाही. चाचांनी त्यावर तोड काढली. रविवारी ती पेलाभर दूध आणायची, ते चाचा गंभीर चेहऱ्यानं मापात ओतायचे आणि मागच्या दारी स्वतःच्या चहात घालायचे. कोंडाबाईचा मुलगा म्हादू बहात्तरच्या दुष्काळात परागंदा झाला होता. लोक खडी फोडत होते, सरकारी सुकडी आणि मिलो नावाच्या लाल परदेशी ज्वारीवर जगत होते. म्हादू कोवळं पोर, एका दुपारी धान्याच्या सरकारी गोदामाच्या झरोक्यातून आत शिरला आणि मिलोचं पोतं काढलं. गोदामाची किल्ली तेव्हा ज्यांच्याकडं होती, तेच पुढं दूध संस्थेचे चेअरमन झाले. त्यांनी पोलिसांत नाव दिलं. म्हादू त्याच दिवशी पळाला, तो परत आलाच नाही. आहे की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. चेअरमन आणि कोंडाबाई तेव्हापासून एकमेकांकडं बघत नसत. टीव्हीच्या वेळी चेअरमन मागं लोखंडी खुर्चीवर बसायचे, ही पुढं जमिनीवर.

छोट्या झरोक्यातून आत शिरला की कोंडाबाई माझा हात घट्ट धरायची. "बाई, आमचा म्हादू बी असाच बारीक."

आणि एका रविवारी पोलिसांनी छोट्याला गोळी घातली. भिंतीवरून पोरगं खाली पडलं. उस्तादानं त्याला मांडीवर घेतलं आणि तोंड झाकून रडायला लागला. मी पुढंच होते, मला स्पष्ट ऐकू आलं. उस्ताद म्हणत होता, ह्याच्या आईला आता काय तोंड दाखवू? कोंडाबाईची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. तेवढ्यात चाचांनी काठी आपटली. "लागली न्हाय! खांद्याला चाटून गेली! उस्ताद म्हणतोय, ह्याला हैदराबादला न्या, आपल्या मान्साकडं, बरा हुईस्तवर!" सगळ्या दालनानं सुस्कारा सोडला. पडद्यावर उस्ताद अजून रडत होता. चाचा म्हणाले, "खुशीनं रडतोय."

वाटेत मी त्यांना धारेवर धरलं. "चाचा, ते पोरगं मेलं. तुम्ही अख्ख्या गावाला खोटं सांगितलंत." गप्प. मी दुसऱ्यांदा म्हटलं. ते थांबले. "कोंडाबाई म्होरं बसली व्हती, बाई. तुमी बघितलं न्हाय का?" बघितलं होतं. मनगट अजून दुखत होतं. पण मी म्हटलं, उद्या कळलं तर तिचं काय होईल? आज मोडलं असतं ते एकदाच मोडलं असतं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, दुसऱ्यांदाही नाही.

त्यानंतर छोट्या पडद्यावर आलाच नाही. पण चाचांच्या तोंडून दर रविवारी आला. उस्ताद ड्रायव्हरला गाडी काढ म्हणाला की चाचा जोडायचे, "आणि छोट्याचा निरोप आलाय, बेकरीत कामाला लागलाय." पुढच्या खेपेला त्याला पाव भाजायला यायला लागला. मग त्याला मिशी फुटली. लोक दूध घालतानाच विचारायचे, "चाचा, आज छोट्याचं काय?" मालिका संपली तेव्हा छोट्या हैदराबादला सुखात होता. कोंडाबाई घरी जाताना मला म्हणाली, "कुठं का असंना बाई, पोटाला मिळतंय न्हवं? बास झालं."

मधे काही वर्षं गेली. पाऊस पुन्हा रुसला, जनावरांच्या छावण्या पडल्या, म्हशी आटल्या. अशा दिवसांत पेपरात आलं की ती मालिका पुन्हा सुरू होणार. तीच टोळी, पुढची गोष्ट. गावात छावणीच्या चाऱ्याइतकीच चर्चा तिची. तरणी पोरं उड्या मारायला लागली. म्हातारे म्हणाले, उस्तादाचं पोट सुटलं आसंल, आता कुठली भिंत चढतंय ते. एक खवेवाला माझ्यासमोर म्हणाला, "संपलं ते झ्याक संपलं व्हतं. आता परत आणून त्येचा इचका करणार." आणि बोलून झाल्यावर त्यानंच विचारलं, "कंच्या रविवारपासनं हाय म्हणला?" मलाही बघायची होती आणि नकोही होती. ती माणसं पुन्हा भेटणार म्हणून बरं वाटत होतं, आणि आपण ओळखतो ती माणसं ही नव्हेतच, अशी भीतीही होती.

चाचांचं मात्र जेवण तुटलं. पेपरात टोळीचे फोटो होते, त्यात छोट्या नव्हता. पहिल्या भागात आधीची गोष्ट थोडक्यात दाखवणार, असंही छापलं होतं. आणि संस्थेनं मधल्या काळात टीव्हीचा आवाज दुरुस्त करून घेतला होता. आता मागच्या भिंतीपर्यंत लख्ख ऐकू जायचं. मी चाचांना म्हटलं नाही की बघा, मी म्हणाले होते. जिभेवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

संस्थेच्या सर्वसाधारण सभेत चाचा उठले. म्हणाले, "टीव्ही इकून टाका आणि कडबाकुट्टीचं मशीन घ्या. दुष्काळ हाय. जनावरं टीव्ही खात न्हाईत." टीव्हीला टोपी घालणारा माणूस हे बोलतोय! चेअरमन म्हणाले, "चाचा, तब्येत बरी हाय न्हवं?" हात वर करायला सांगितलं. विकण्याच्या बाजूनं चाचांचा एकट्याचा हात वर. विरोधात सगळ्या दालनाचे, आणि दाराशी उभ्या असलेल्या कोंडाबाईचाही. कुणीतरी हसत म्हटलं, "तू कुठं सभासद हाईस?" ती म्हणाली, "आसू दे की. छोट्या कसा हाय ते बघू द्या मला." चाचांनी आपला हात हळूच खाली घेतला.

तो रविवार आला. चाचांनी हात धुतले, झडपा सरकवल्या आणि काठी घेऊन आपल्या जागी उभे राहिले. मी कोंडाबाईशेजारी बसले, या वेळी मीच तिचा हात धरला. मागची गोष्ट सुरू झाली. भिंत, गोळी, पोरगं खाली. मग उस्तादाचं घर. उस्ताद खरंच म्हातारा झाला होता. भिंतीवर छोट्याचा फोटो. फोटोला हार. उस्ताद पुढं उदबत्ती लावत होता.

ते समजायला हिंदी लागत नाही, आवाजही लागत नाही. हार घातलेल्या फोटोचा अर्थ सगळ्या गावाला कळतो. चाचांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. कोंडाबाई म्हणाली, "चाचा, काय म्हणत्यात?" चाचा खाली बघत राहिले. मला वाटलं आता मीच काहीतरी बोलावं, पण मला आयुष्यात खोटं बोलायला जमलेलं नाही आणि नेमकं तेव्हाही जमेना.

मागं लोखंडी खुर्ची करकरली.

"हार बघून काय गपगार झाला रे समदे?" चेअरमन उभे होते. "हे चोर हाईत का न्हाईत? पोलिसाला फशिवायला घातलाय त्यो हार. हार दिसला की पोलीस हुडकायचं सोडतंय. पोरगं हैदराबादला हाय. चाचांनी मागंच सांगितलंय की!"

मग खवेवाला म्हणाला, "व्हय तर! उस्ताद लई बेरकी." दुसरा म्हणाला, "उदबत्ती बी खोटीच." आणि सगळं दालन एकदम बोलायला लागलं, छोट्याची बेकरी, छोट्याची मिशी, ज्याला जे आठवत होतं ते.

कोंडाबाईनं माझ्या हातातून हात सोडवला आणि मागं वळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं चेअरमनच्या तोंडाकडं बघितलं. "मग त्यो गावात आला तर कुणी धरणार न्हाय न्हवं?"

तो म्हणजे कोण, हे विचारायची कुणाला गरज नव्हती. चेअरमनची नजर खाली गेली. तेव्हा चाचांचा आवाज आला, अगदी बारीक. "कोंडाबाई, दुसऱ्यांदा विचारा."

तिनं दुसऱ्यांदा विचारलं. "कुणी धरणार न्हाय न्हवं?"

"न्हाय," चेअरमन म्हणाले. "कुणी न्हाय धरणार. म्या सवता येशीवर जातो त्येला आणाया."

चाचांनी नाक पुसलं, काठी आपटली आणि ओरडले, "गप बसा आता समदे! उस्ताद बोलायलाय!"

चेअरमननी शब्द पाळला. पोलिसांत जाऊन प्रकरण मिटवलं, ऊसतोडीच्या मुकादमांकरवी चारी दिशांना निरोप धाडले. म्हादू त्यानंतरच्या उन्हाळ्यात आला. हैदराबादहून नाही, निझामाबादकडच्या एका वीटभट्टीवरून. केस अकाली पिकलेले, गालफडं बसलेली. चेअरमन एस.टी.पाशी उभे होते, त्यांनी पुढं होऊन म्हादूचं बोचकं हातात घेतलं. चाचा म्हादूभोवती फिरून आले आणि रागानं म्हणाले, "मिशी कुठाय रे? म्या मिशी सांगितली व्हती!" कोंडाबाई पदरात तोंड घालून हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

पुढं माझी बदली झाली, मग लग्न, मुलं. बऱ्याच वर्षांनी भूमकडं एका कामाला गेले होते, तशीच ईटला उतरले. जाताना खव्याचा डबा घेतला होता, चाचांसाठी. त्यांच्या दाराला कुलूप. शेळीही नव्हती. मी कोंडाबाईच्या अंगणात गेले. ती पार वाकली होती, पण मला आवाजावरून ओळखलं. म्हादूच्या पोरीला पाणी आणायला पिटाळलं, मला जवळ बसवलं. माझ्या हातातला डबा चाचपून बघितला.

"चाचा कुठं आहेत?" मी विचारलं.

तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला, हलकेच. "चाचा व्हय? हैदराबादला गेलेत, बाई."

मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.